गाटा-१ व ॲसिटिल गटाची खूण
तांबड्या रक्तपेशी व बिंबाणू यांच्या जडणघडणीस आवश्यक जनुकांचे नियंत्रण करणारे गाटा-१ हे प्रतिलेखन घटक, म्हणजे डीएनएवरील ठरावीक जागी बसून जनुकांचे वाचन सुरू किंवा बंद करणारे प्रथिन असले, तरी ते पेशीत नुसते असून भागत नाही. जस्ताच्या अणूभोवती वळलेल्या, डीएनए पकडणाऱ्या त्याच्या दोन भागांशेजारील लायसिन या अमिनो आम्लांवर पी३०० व सीबीपी ही विकरे ॲसिटिल गट जोडतात, आणि ही खूण ओळखणारे बीआरडी३ हे प्रथिन त्याला क्रोमॅटिनवर, म्हणजे हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेल्या डीएनएवर, स्थिरावण्यास साहाय्य करते. ही लायसिने बदलल्यास गाटा-१ परीक्षानळीतील मोकळा डीएनए पूर्ववत पकडते, परंतु पेशीतील क्रोमॅटिनवर त्याचे बसणे कमी होते. हा फरक खरोखर मार्मिक आहे, कारण खुणेची गरज नेमकी कोठे असते हे त्यातूनच उमगते.