गिटारची दांडी आणि खुंट्या : निवडीमागील मापे व कारणे

गिटार तयार विकत मिळते, तशी ती सुट्या भागांतून जुळवूनही घेता येते. अमेरिकेतील लिओ फेंडर यांनी १९५०च्या सुमारास बाजारात आणलेल्या इलेक्ट्रिक गिटारींत दांडी धडाला सरसाने न चिकटवता स्क्रूंनी घट्ट बसवली. दांडी, म्हणजेच नेक, काढून दुसरी बसवणे तेव्हापासून सोपे झाले आणि आवडीप्रमाणे गिटार घडवण्याची वाट मोकळी झाली. मात्र या वाटेवर पैसा सर्वाधिक वाया जातो तो चुकीच्या क्रमामुळे. वाद्य सुरात राहत नाही म्हणून प्रथम महागड्या खुंट्या, म्हणजे ट्यूनर, मागवले जातात. दोष बहुतेक वेळा दांडीत, नटमध्ये किंवा तार गुंडाळण्याच्या पद्धतीत असतो.

खुंटी खरोखर घसरते का?

तंबोऱ्याची वा सतारीची लाकडी खुंटी केवळ घर्षणावर टिकते. लाकूड आक्रसले की ती सैल पडते. गिटारच्या धातूच्या खुंटीची रचना वेगळी आहे. तिच्यात पेचदार दांडा एका दंतचक्राला फिरवतो. पेच चक्राला फिरवू शकतो, पण चक्र पेचाला मागे ढकलू शकत नाही. त्यामुळे साधारण प्रतीची खुंटीसुद्धा तारेच्या ओढीने आपणहून उलटी फिरत नाही. दहा क्रमांकाच्या सहा तारांचा एकत्रित ताण सुमारे ४५ किलोग्रॅम भरतो, तोही ही रचना सहज पेलते.

खुंट्यांच्या जाहिरातीत १४:१, १८:१ असे गुणोत्तर छापलेले असते. १८:१ म्हणजे कळ अठरा वेळा फिरवली की तार गुंडाळणारा खांब एकदा फिरतो. गुणोत्तर मोठे असेल तर सूर बारकाईने लावता येतो. पकड त्याने वाढत नाही. झिजलेल्या चक्रामुळे कळ फिरवताना पोकळ फिरकी जाणवत असेल, तरच खुंटी बदलण्यास सबळ कारण असते.

प्रथम दांडीचे माप

दांडी निवडताना पहिला प्रश्न तारेच्या कंप पावणाऱ्या लांबीचा, म्हणजे स्केलचा असतो. फेंडर पद्धतीच्या गिटारींत ती ६४८ मिलिमीटर, तर गिब्सन पद्धतीत सुमारे ६२८ मिलिमीटर असते. नटपासून बाराव्या पडद्यापर्यंतचे अंतर मोजून दुप्पट केले की हे माप मिळते. धडावरील ब्रिज एका मापासाठी बसवलेला असताना दांडी दुसऱ्या मापाची घेतली, तर प्रत्येक पडद्यावरचा सूर चुकतो आणि कोणतीही खुंटी तो दुरुस्त करू शकत नाही. ब्रिजवरील सॅडल काही मिलिमीटरच पुढेमागे सरकतात. स्केल बदलायचेच असेल, तर त्या धडासाठी हिशेब करून बनवलेली दांडी मागवावी लागते.

त्यानंतर तीन मापे पाहावीत. पहिले, धडातील खाच : फेंडर पद्धतीत तिची रुंदी सुमारे ५६ मिलिमीटर असते. दुसरे, नटची रुंदी : ४२ ते ४३ मिलिमीटर हे सर्वसाधारण माप. एका मिलिमीटरचा फरकही बोटांना जाणवतो. तिसरे, फिंगरबोर्डची गोलाई : जुन्या फेंडर गिटारींत तिची त्रिज्या १८४ मिलिमीटर, तर गिब्सनमध्ये ३०५ मिलिमीटर आढळते. अधिक गोल पट्टीवर कॉर्ड धरणे सुखावह वाटते. सपाट पट्टीवर तार खाली ठेवून ती ओढून वाजवणे सोपे जाते.

लाकूड आणि पावसाळा

दांडीसाठी मेपल किंवा महोगनी, तर फिंगरबोर्डसाठी मेपल, शिसव वा एबनी ही लाकडे रूढ आहेत. लाकूड ओलावा शोषून रेषांच्या आडव्या दिशेने फुगते आणि कोरड्या हवेत आक्रसते. गोव्याच्या पावसाळ्यात दांडीची वक्रता बदलून तारा उंच वा खाली झाल्याचे वादकांना जाणवते. तीच गिटार इंदूर वा ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात नेली, तर पट्टी आक्रसून पडद्यांची टोके बोटांना बोचू लागतात. वाढीच्या कड्या पृष्ठभागाला काटकोनात येतील अशी कापलेली दांडी तुलनेने स्थिर राहते. भट्टीत उष्णता देऊन भाजलेले मेपलही ओलावा कमी शोषते. दमट किनारपट्टीवर खुंट्यांवरील जादा खर्चापेक्षा अशा लाकडावरील खर्च अधिक उपयोगी पडतो.

दांडीच्या आत धातूची ट्रस रॉड आहे याची खात्री करावी आणि तिची चावी कोणत्या टोकाला लागते तेही पाहून ठेवावे, कारण ऋतुबदलात तिची गरज पडते. वक्रता तपासण्यासाठी तार पहिल्या आणि दांडी धडाला मिळते तेथील पडद्यावर दाबावी. सातव्या-आठव्या पडद्यापाशी ०.२ ते ०.३ मिलिमीटर फट दिसली, तर ती योग्य समजावी.

परदेशातून दांडी मागवणाऱ्यांनी शिसवाबाबतचा नियमही ध्यानात ठेवावा. वन्यजीव व्यापारावरील आंतरराष्ट्रीय करारान्वये २०१७ च्या आरंभी शिसवाच्या संपूर्ण कुळाच्या व्यापारावर निर्बंध आले. २०१९ च्या अखेरीस तयार वाद्ये व त्यांचे तयार भाग यांना सवलत मिळाली. ब्राझीलचे शिसव मात्र १९९२ पासूनच कडक बंदीखाली आहे.

नटचा अडथळा

खुंटी फिरवताना ‘टक्’ असा आवाज होऊन सूर एकदम उडी घेत असेल, तर तार नटच्या खाचेत अडकते असे समजावे. तीन-तीन खुंट्यांच्या हेडस्टॉकवर तारा नटनंतर बाजूला वळतात, म्हणून तेथे हा त्रास अधिक. त्यातही तिसरी तार विशेष छळते. खाच तारेच्या जाडीइतकी नीट घासून घेणे हा खरा उपाय. तात्पुरता उपाय म्हणून खाचेत पेन्सिलीचे शिसे घासतात.

अखेरीस खुंट्या

दांडी ठरली की खुंट्यांची निवड बरीचशी आपोआप ठरते. सहाही एका ओळीत की तीन-तीन, हे हेडस्टॉक सांगते. आधुनिक खुंट्यांना साधारण १० मिलिमीटरचे छिद्र लागते. जुन्या क्लूसन पद्धतीच्या खुंट्यांना ते सुमारे ९ मिलिमीटर पुरते. लहान छिद्र ड्रिलने मोठे करताना लाकूड चिरण्याचा धोका असतो, म्हणून कारागीर ते रीमरने हळूहळू वाढवतात. मोठ्या छिद्रासाठी जुळवणी करणारे बुशिंग मिळते, पण एकदा वाढवलेले छिद्र पूर्ववत होत नाही. मागच्या बारीक स्क्रूंच्या जागाही जुळतात का, ते पाहावे.

फेंडर पद्धतीच्या हेडस्टॉकला मागे कल नसतो. तार नटवर पुरेशी दाबली जावी यासाठी तेथे तार खाली ओढणारी खिट्टी किंवा उतरत्या उंचीच्या खांबांच्या खुंट्या वापरतात. कल असलेल्या हेडस्टॉकला याची गरज नसते. तार आतून चिमटीत धरणाऱ्या लॉकिंग खुंट्यांवर अर्धा वेढाही पुरतो. वेढे कमी असल्याने ते घट्ट होत जाऊन सूर उतरण्याचा प्रश्न मिटतो आणि तार झटपट बदलता येते. हलत्या ब्रिजच्या गिटारीला त्यांचा लाभ मोठा. स्थिर ब्रिजच्या गिटारीवर साध्या खुंटीला दोन-तीन नीटनेटके वेढे दिले, तरी तेवढेच काम होते. ओतीव आवरणाच्या खुंट्या वजनदार असतात. हलक्या धडाला त्या लावल्या तर पट्ट्यावर टांगलेल्या गिटारीची दांडी खाली झुकते.

मागणी नोंदवण्यापूर्वी स्केल, खाचेची रुंदी, नटची रुंदी, हेडस्टॉकचा प्रकार आणि छिद्राचा व्यास ही पाच मापे कागदावर लिहून विक्रेत्याला द्यावीत. प्रथम दांडी, मग नट आणि शेवटी खुंट्या हा क्रम पाळल्यास बेतशीर रकमेतही पावसाळ्यात तग धरणारे वाद्य हाती येते.