शूटआऊटमध्ये एकही गोल न खाणारा गोलकीपर : कोण आहे ओलेक्झांडर शोव्हकोव्स्की?

फुटबॉलमध्ये गोल मारणाऱ्याला सगळे खांद्यावर घेतात, पण गोल खाल्ला की बोलणी गोलकीपरलाच बसतात. युक्रेनच्या ओलेक्झांडर शोव्हकोव्स्कीने ही जागा वीसहून जास्त वर्षं सांभाळली. पुढे तो त्याच क्लबचा मुख्य कोच झाला, तोही देशात युद्ध चालू असताना.

एकच क्लब

शोव्हकोव्स्कीचा जन्म २ जानेवारी १९७५ चा, गाव कीव्ह. तिथल्याच डायनॅमो कीव्ह या क्लबमध्ये तो घडला आणि २०१६ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्याच क्लबचा राहिला. खेळाडू म्हणून त्याने युक्रेनची लीग १४ वेळा जिंकली.

नामवंत कोच व्हॅलेरी लोबानोव्स्की यांच्या हाताखाली या संघाने युरोप हलवून सोडला होता. नोव्हेंबर १९९७ मध्ये बार्सिलोनाला त्यांच्याच मैदानात ४-० ने हरवलं. १९९९ मध्ये रिअल माद्रिदला बाहेर काढून चॅम्पियन्स लीगची सेमीफायनल गाठली. तिथे बायर्न म्युनिकने त्यांना रोखलं.

तो दिवस : २६ जून २००६

युक्रेन स्वतंत्र देश म्हणून पहिल्यांदाच वर्ल्ड कपला गेला होता, जर्मनीत. पहिल्याच सामन्यात स्पेनने ४-० ने धुतलं. चारही गोल शोव्हकोव्स्कीच्या मागच्या जाळीत गेले. पण संघ सावरला, पुढचे दोन सामने जिंकला आणि बाद फेरीत स्वित्झर्लंडसमोर उभा राहिला.

कोलोन शहरातला तो सामना १२० मिनिटं ०-० असाच राहिला. मग पेनल्टी शूटआऊट. यात चेंडू गोलपासून ११ मीटरवर ठेवतात आणि समोर एकटा गोलकीपर असतो. त्याला २४ फूट रुंद आणि ८ फूट उंच गोल राखायचा असतो. मारणारा कुठे मारणार, याचा अंदाज बांधूनच उडी घ्यावी लागते.

युक्रेनची पहिली पेनल्टी त्यांचा सगळ्यात मोठा खेळाडू शेवचेन्कोने घेतली आणि ती अडवली गेली. आता सगळा भार शोव्हकोव्स्कीवर आला. त्याने स्ट्रेलरचा फटका अडवला, बार्नेटाचा चेंडू वरच्या दांड्याला लागला आणि काबानासचाही फटका त्याने रोखला. युक्रेन ३-० ने जिंकला. वर्ल्ड कपच्या शूटआऊटमध्ये एकही गोल न खाणारा तो पहिला गोलकीपर ठरला. पुढच्या फेरीत मात्र इटलीने त्यांना ३-० ने हरवलं.

२०१२ ची युरो स्पर्धा त्याच्या स्वतःच्या देशात झाली, पण खांद्याच्या दुखापतीने त्याला ती खेळता आली नाही. तरी गडी परत उभा राहिला. २०१६ मध्ये, वयाच्या ४१ व्या वर्षी, तो चॅम्पियन्स लीगमध्ये मँचेस्टर सिटीविरुद्ध गोल राखत होता.

युद्धात कोचिंग

नोव्हेंबर २०२३ मध्ये डायनॅमोचे कोच मिर्चा लुचेस्कू यांनी राजीनामा दिला. संघ मागे पडलेला. जबाबदारी शोव्हकोव्स्कीकडे आली, आधी तात्पुरती, मग पक्की. त्या हंगामात संघ दुसरा आला.

परिस्थिती बिकट होती. हवाई हल्ल्याचा सायरन वाजला की खेळ थांबवून सगळ्यांनी आडोशाला जायचं, धोका टळला की पुन्हा खेळायचं. युरोपातले 'घरचे' सामनेही परदेशात, जर्मनीत आणि पोलंडमध्ये खेळावे लागले.

अशा काळात २०२४-२५ ची लीग डायनॅमोने एकही सामना न हरता जिंकली : ३० पैकी २० विजय, १० बरोबरी. त्याच वर्षी कप फायनल मात्र शाख्तारविरुद्ध शूटआऊटमध्येच गेली. एके काळी शूटआऊट गाजवणारा शोव्हकोव्स्की या वेळी बाहेरच्या कडेला उभा होता, हात लावायची सोय नव्हती.

पुढच्या हंगामात निकाल बिघडले आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये क्लबने त्याला पदावरून दूर केलं. लीग जिंकून सहा-सात महिनेच झाले होते.

थोडक्यात

- क्लब : डायनॅमो कीव्ह
- युक्रेनसाठी सामने : ९२
- लीग विजेतेपदं : खेळाडू म्हणून १४, कोच म्हणून १
- ओळख : २००६ वर्ल्ड कपचं शूटआऊट. असाच पराक्रम पुढे २०२२ मध्ये मोरोक्कोच्या यासिन बोनोने स्पेनविरुद्ध केला.