खाडीतली बिनभावाची मासळी

सप्टेंबर २०२३ मध्ये पापलेट महाराष्ट्राचा राज्यमासा झाला. मुंबईच्या पूर्वेला ठाणे खाडीकाठच्या कोळीवाड्यांचा गाडा मात्र निवटी, बोईट, शिंगाळा आणि चिंबोरी यांच्या जिवावर चालत आला आहे. चिंबोरी सोडली, तर ही मासळी सहसा मोठ्या हॉटेलात जात नाही की निर्यातीच्या पेटीत भरली जात नाही. बाजारात तिचे वाटे लागतात आणि ते घेणारं गिऱ्हाईकही बेताच्या कमाईचं असतं.

शहराने खाड्यांकडे पाठ फिरवली ती फार पूर्वी, आणि आधी माहीमच्या खाडीकडे. १९०९च्या मुंबई गॅझेटियरने धारावीची गणना सहा मोठ्या कोळीवाड्यांत केली होती. पण तोवर शीव आणि माहीमच्या कॉजवेंनी पाण्याची वाट अरुंद केली होती. त्यातला माहीमचा कॉजवे १८४५चा. पुढे चामडं कमावण्याचे कारखाने, भराव आणि मिठी नदीतून येणारं सांडपाणी यांपुढे धारावीतली मासेमारी टिकली नाही.

ठाणे खाडीवर हीच वेळ जरा उशिरा आली. १९२७ पासून देवनारला शहराचा कचरा पडू लागला. १९६०च्या दशकात ठाणे-बेलापूर पट्ट्यात रसायनांचे कारखाने उभे राहिले. १९७० साली नवी मुंबई वसवणारी सिडको आली, १९७३ साली वाशीचा पूल झाला. १९८१ साली गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी या खाडीतल्या पाऱ्यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. म्हणजे विष पाण्यात आहे, हे चार दशकांपूर्वीच कागदावर आलं होतं.

या विषाच्या जोडीला सांडपाणीही आहे. ते कुजवणारे जिवाणू पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतात. नाजूक मासे अशा पाण्यातून निघून जातात किंवा मरतात. निवटी मात्र ओल्या कातडीतून आणि तोंडाच्या आतल्या त्वचेतून हवाही घेते आणि ओहोटीला उघड्या चिखलावर सरपटते. शिंगाळाही गढूळ, कमी प्राणवायूच्या पाण्यात तग धरतो. पण जगणारा मासा स्वच्छ असतोच असं नाही. पारा त्याच्या अंगात साठतो आणि तोच मासा स्वस्त म्हणून गरिबाच्या ताटात जातो.

ही मासळी पकडायला पैसा कमी लागतो, जाण जास्त. उधाणाची मोठी भरती कधी, भांगाची लहान भरती कधी, पाणी किती उतरल्यावर पाग म्हणजे फेकजाळं टाकायचं, कुठल्या बिळात निवटी आहे आणि कुठल्या बिळात चिंबोरी नांगी उगारून बसली आहे, हे सारं गुडघाभर चिखलात उतरूनच शिकावं लागतं. या कामात बायका मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्याकडे होडी नसते, परवाना नसतो आणि विक्रीची पावतीही नसते.

नेमका इथेच त्यांच्यावर अन्याय होतो. ठाणे खाडीवरच्या तिसऱ्या पुलाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये मच्छीमारांचा भरपाईचा हक्क मान्य केला. त्यानंतर २०२२ मध्ये ठाणे खाडीला आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून रामसर दर्जाही मिळाला. पण भरपाई ठरवताना होड्या, जाळी आणि मच्छीमार सोसायटीचे सभासद मोजणं सोपं जातं. टोपलीभर निवट्या विकून घर चालवणारी बाई कुठल्याच नोंदवहीत सापडत नाही. पूल, भराव किंवा कारखान्याचा नवा प्रकल्प मांडला जाईल, तेव्हा सर्वेक्षण करणाऱ्यांनी ओहोटीच्या वेळी चिखलात जावं आणि तिचं नाव यादीत घ्यावं.