गांडुळाचे समुद्रातले भाऊबंद

पावसाळ्यात शहापूरच्या शिवारात धानाच्या बांधीवर कुदळ मारली, की ओल्या ढेकळाबरोबर गांडूळ वर येते. त्याची ओळख तुम्हांला करून द्यायला नको. पण याच गांडुळाचे हजारो जातींचे भाऊबंद भर समुद्रात, पोवळ्यांच्या खडकांत राहतात. त्यांची ओळख कशी पटत गेली, त्याची ही हकिगत आहे.

गंमत अशी की, गांडूळ आणि पोवळे या दोघांकडे जगाचे लक्ष वेधले ते एकाच माणसाने. इंग्रज निसर्गशास्त्रज्ञ चार्ल्स डार्विन 1836 साली हिंदी महासागरातील कीलिंग बेटांवर उतरला आणि तेथील प्रवाळखडक त्याने पाहिले. पुढच्याच वर्षी, 1837 साली, लंडनच्या भूगर्भशास्त्र मंडळापुढे त्याने दोन निबंध वाचले. मे महिन्यातला पोवळ्यांवर होता, नोव्हेंबरातला गांडुळांनी केलेल्या मातीवर. दोन्हींचे मर्म एकच : जीव कितीही लहान असो, तो पिढ्यान्‌पिढ्या राबला की जमिनीचे रूप पालटते.

आता हे समुद्रातले किडे कोण? त्यांतल्या मोठ्या घराण्याला शास्त्रात पॉलिकीट म्हणतात, म्हणजे पुष्कळ राठ केसांचे. गांडुळासारखेच वळ्यावळ्यांचे अंग, पण प्रत्येक वळ्याला दोहों बाजूंस केसांचे झुबके. या घराण्यात दहा हजारांहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. कोणी पोवळ्यात चुन्याची नळी करून राहतो आणि पिसांचे दोन रंगीत तुरे बाहेर काढतो. वरून सावली पडली, की तुरे झटकन आत! कोणी मेलेला खडक पोखरून त्याचा भुगा करतो, कोणी फटीत दबा धरून शिकार करतो. शिवाय भुईमुगाच्या शेंगेसारखे दिसणारे, पानासारखे चपटे आणि फितीसारखे लांब अशी निराळी कुळेही तेथेच नांदतात.

एका खडकात किती असावेत? ग्रासल नावाच्या शास्त्रज्ञाने ऑस्ट्रेलियाजवळच्या हेरॉन बेटावरचा पोवळ्याचा एक गड्डा फोडून मोजदाद केली. ती 1973 साली प्रसिद्ध झाली. पाच किलोहूनही कमी वजनाच्या त्या गड्ड्यात 1,441 पॉलिकीट निघाले, आणि त्यांच्या जाती होत्या 103!

आपल्या देशातही हे काम जुने आहे. 1881 साली मुंबईच्या गोदीत ‘इन्व्हेस्टिगेटर’ हे जहाज पाण्यात उतरले. समुद्राची मोजणी करता करता त्यावरील निसर्गशास्त्रज्ञ तळावर फासजाळे ओढीत, आणि सापडलेले जीव कलकत्त्याच्या संग्रहालयात जात. तेथील पॉलिकीटांवर पिएर फोव्हेल या फ्रेंच विद्वानाने 1932 साली ग्रंथ लिहिला. पुढे 1953 साली अलाहाबादेत छापलेला त्याचा भारतीय पॉलिकीटांवरचा ग्रंथ अभ्यासकांचा मोठा आधार ठरला.

परंतु जाळ्याने काम अर्धेच होते. खडबडीत प्रवाळखडकावर जाळे अडकते, फाटते. नाजूक किडे तुटतात. 1943 साली फ्रान्समध्ये कुस्तो आणि गान्यां यांनी पाठीवर हवेची टाकी घेऊन बुडण्याचे साधन सिद्ध केले, तेव्हा माणूस स्वतः खडकापाशी पोचला. तरी साध्या हवेवर चाळीस मीटरच्या खाली जाणे धोक्याचे. अंधुक उजेडातले प्रवाळखडक तर सुमारे तीस मीटरपासून दीडशे मीटरपर्यंत असतात. त्यामुळे हा पट्टा बराच काळ मागे पडला. अलीकडे सोडलेली हवा शुद्ध करून पुन्हा पुरवणारी उपकरणे आणि दुरून चालवायची यंत्रे आली, तेव्हा त्याचे दार उघडू लागले.

असे एक बुडालेले प्रवाळपठार महाराष्ट्रासमोरच आहे. विजयदुर्गाच्या पश्चिमेस सुमारे 105 किलोमीटरवर आंग्रिया बँक आहे. मराठ्यांचे सरखेल कान्होजी आंग्रे 1729 साली वारले. त्यांचे नाव या पठाराने जपले आहे. लांबी सुमारे 40 किलोमीटर, रुंदी 15. माथाही पाण्याखाली वीस मीटर. 2019–20 च्या हिवाळ्यात शास्त्रज्ञांच्या तुकडीने तेथे बुडून पोवळ्यांची पाहणी केली.

येथेच खरा प्रश्न उभा राहतो. मालवणचे सागरी अभयारण्य 1987 साली झाले, ते किनाऱ्यालगत. आंग्रिया मात्र किनाऱ्यापासूनच्या 12 सागरी मैलांच्या, म्हणजे सुमारे 22 किलोमीटरच्या, हद्दीबाहेर पडते. तेथला कारभार केंद्र सरकारचा. खडक रचणाऱ्या पोवळ्यांना 2001 सालापासून वन्यजीव कायद्याचे कवच आहे. पण समुद्र तापला की पोवळी पांढरी पडतात, आणि तळ खरवडणारी जाळी फिरली की खडक मोडतो. पोवळे गेले, की त्याच्या आधाराने राहणारे शेकडो बिऱ्हाडकरू उघड्यावर पडतात, आणि त्यांवर जगणारी मासळीही कमी होते. ज्या जातीला नाव मिळाले नाही, तिची तर मेल्याची नोंदही होत नाही.

शिक्षकांना एक सूचना करावीशी वाटते. पहिल्या पावसानंतर मुलांना बांधावर न्यावे, हातभर जागा खणावी, सापडतील ते जीव मोजून वहीत लिहावेत आणि पुन्हा मातीत सोडावेत. दरसाल त्याच जागी मोजले, तर चार वर्षांत आपल्या मातीची तब्येत कळेल. समुद्रावरचे शास्त्रज्ञही दुसरे काय करतात? नीट पाहतात, मोजतात, नाव लिहून ठेवतात. ही सवय शहापूरच्या शाळेत लागली, तर तिला समुद्र दूर नाही.