दारं लावून म्हटलेली गाणी

गाणाऱ्या मंडळींचा परदेश दौरा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे एक ठरलेलं चित्र येतं. व्हिसाची धावपळ, सामानात पेटी आणि तबला, महाराष्ट्र मंडळाचा हॉल, आणि कार्यक्रम संपल्यावर कुणाच्या तरी घरी पिठलं-भात. आपल्यापैकी कित्येकांनी असे पाहुणे घरी उतरवून घेतले आहेत. पण मी गेले काही दिवस ज्या दौऱ्याबद्दल वाचतोय, त्यातल्या गायकांना बोटीवर खोली मिळवतानाच मारामार झाली होती. वर्ष १८७३. गायक अमेरिकेतले, नॅशविल गावच्या फिस्क नावाच्या शाळेचे विद्यार्थी. त्यातले बहुतेक जण जन्माने गुलाम.

फिस्क १८६६ साली सुरू झाली. अमेरिकेतलं यादवी युद्ध नुकतंच संपलेलं, आणि जागा म्हणजे लष्करी इस्पितळाच्या जुन्या बराकी. गुलामांच्या बाजारात सापडलेल्या गंजक्या बेड्या भंगारात विकून त्या पैशातून स्पेलिंगची पुस्तकं आणली होती, असं तिथले लोक सांगत. (हे वाचल्यावर मी थोडा वेळ पुस्तक मिटून ठेवलं.) पण भंगार किती दिवस पुरणार? १८७१ पर्यंत बराकी कुजल्या आणि शाळा बंद करायची वेळ आली. तेव्हा शाळेचे खजिनदार जॉर्ज व्हाइट यांनी ठरवलं, की मुलांना घेऊन उत्तरेत जायचं, गायचं आणि पैसे आणायचे. ६ ऑक्टोबर १८७१ ला नऊ गायक निघाले. मिनी टेट तर अवघी चौदा वर्षांची. त्याच आठवड्यात शिकागोला प्रचंड आग लागली, तर सिनसिनाटीच्या कार्यक्रमात मिळालेले जेमतेम पन्नास डॉलर या पोरांनी तिकडच्या लोकांना देऊन टाकले. स्वतःच्या शाळेचं छप्पर गळत असताना!

आता मुद्द्याची गोष्ट. सुरुवातीला ही मुलं काय गात होती? गोऱ्या लोकांची गाणी. त्या काळचे बॅलड, चर्चमधली रीतसर स्तोत्रं. लोक ऐकत आणि निघून जात. पदरात फारसं पडत नसे. आईबापांबरोबर मळ्यावर म्हटलेली गाणी त्यांच्याजवळ होती, पण ती चारचौघांत म्हणायची त्यांची तयारी नव्हती. एला शेपर्डने नंतर लिहून ठेवलंय, की ही गाणी गुलामीच्या काळाशी जोडलेली होती, ती विसरायची होती, आणि शिवाय ती आईवडिलांची पवित्र ठेव होती. व्हाइटनी खूप मागे लागून ती म्हणवून घेतली तीसुद्धा दारं-खिडक्या लावून, हळू आवाजात.

मला इथे आमची आजी आठवली. तिला किती ओव्या येत होत्या! पण घरात टेपरेकॉर्डर आला तेव्हा सगळ्यांनी आग्रह केला, तर म्हणाली, "त्या जात्यापाशी म्हणायच्या असतात, तुमच्यापुढे काय म्हणू?" तिला नाही म्हणण्याची मोकळीक तरी होती.

नोव्हेंबर १८७१ मध्ये ओबर्लिन इथे पाद्र्यांची मोठी परिषद भरली होती. तिथे गप्पांच्या गलक्यात या मुलांनी 'स्टील अवे' हळूच सुरू केलं आणि सभागृह शांत झालं. पुढे काय गायचं हे तिथेच ठरलं. 'ज्युबिली सिंगर्स' हे नाव त्याच सुमारास घेतलं. बायबलमध्ये पन्नासाव्या वर्षी गुलामांना मोकळं करायला सांगितलंय, त्यावरून. मार्च १८७२ मध्ये ते व्हाइट हाउसमध्ये राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्यापुढे गायले. तरीही गावोगावी हॉटेलवाले खोली नाकारत होतेच.

एला शेपर्ड ही या मंडळींची पियानो वाजवणारी, आणि तालमी घेणारीही तीच. तिच्या बापाने आधी स्वतःला विकत घेतलं होतं आणि मग ३५० डॉलर मोजून लेकीला. आईला मात्र मालकिणीने कबूल करूनही विकली नाही. लेकीचं पुढे काय होणार या भीतीने आई एलाला घेऊन कंबरलंड नदीत जीव द्यायला निघाली होती. एका म्हाताऱ्या गुलाम बाईने तिला वाटेत अडवलं आणि सांगितलं, थांब, देवाचा रथ खाली येईल, या पोरीच्या हातून काही घडायचं आहे. 'स्विंग लो, स्वीट चॅरिअट' या गाण्याचा धागा एला या प्रसंगाशी जोडत असे. पियानोही ती अशीच शिकली, सिनसिनाटीत, रात्री नऊनंतर, मागच्या दाराने. शिक्षकाला काळी विद्यार्थिनी कुणाला दिसायला नको होती.

तर एप्रिल १८७३ मध्ये ही मंडळी इंग्लंडला निघाली. एकामागून एक बोट कंपन्यांनी केबिन नाकारली. अखेर क्यूनार्ड कंपनीच्या 'बटाव्हिया'वर जागा मिळाली. लंडनमध्ये लॉर्ड शाफ्ट्सबरींनी त्यांचा पहिला कार्यक्रम ठरवला, आणि दुसऱ्याच दिवशी ड्यूक ऑफ अर्गाइल यांच्या घरी व्हिक्टोरिया राणीने त्यांचं गाणं ऐकलं. पंतप्रधान ग्लॅडस्टन यांनी जेवायला बोलावलं. सगळी पुस्तकं राणीपाशी येऊन थांबतात. मला विशेष वाटतं ते हे, की ज्या गाण्यांची लाज वाटत होती ती गाणी आता तिकीट काढून ऐकली जात होती, आणि प्रत्येक संध्याकाळी ती मनातून बाहेर काढून देणं हे या मुलांचं काम झालं होतं.

योगायोग बघा. त्याच १८७३ साली इकडे जोतीराव फुल्यांची 'गुलामगिरी' छापली गेली, आणि ती त्यांनी अर्पण केली होती गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना. पुण्यात ते पुस्तक निघत होतं, तेव्हा ती मुक्त झालेली माणसं लंडनमध्ये उभी राहून गात होती.

१८७४ मध्ये परतताना त्यांनी जवळजवळ ५० हजार डॉलर आणले. त्यातून ज्युबिली हॉल उभा राहिला, १८७६ मध्ये त्याचं उद्घाटन झालं आणि तो आजही उभा आहे. किंमत मात्र माणसांनी मोजली. व्हाइट यांची बायको लॉरा ग्लासगोत विषमज्वराने गेली, खुद्द व्हाइट यांच्या फुप्फुसातून रक्त आलं, आणि गायकांपैकी बेंजामिन होम्स क्षयाने वारला. तरी १८७५ मध्ये शाळेने पुन्हा दौरा काढला. इंग्लंड, हॉलंड, जर्मनी, जवळपास तीन वर्षं. १८७८ मध्ये हॅम्बुर्गला सगळे इतके थकले, की मंडळीच मोडली. शाळेची इमारत उभी राहिल्यावरही त्यांना असं फिरवत ठेवलं, हे मला काही पटत नाही.

नंतर थॉमस रटलिंग इंग्लंडमध्येच राहिला. फ्रेडरिक लाउडिनने स्वतःची मंडळी काढून ऑस्ट्रेलियापासून हिंदुस्थानापर्यंत दौरा केला. ताजमहालाच्या घुमटाखालीही ते गायले. एला त्यात नव्हती. १८८२ मध्ये तिने लग्न केलं. आई तिला युद्धानंतर सापडली होती. तिला आणि सावत्र बहिणीला तिने नॅशविलला आपल्याकडे आणलं.