मुंबईच्या नांवाचा किडा



जुन्नर तालुक्यांतील खोडदच्या परिसरांत 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या आकाशाला कान लावून बसल्या आहेत, हें आपणांपैकीं पुष्कळांना ठाऊक असेल. परंतु ओहोटीनंतर मुंबईच्या किनाऱ्यावर जो काळा चिखल उघडा पडतो, त्यांत कोण नांदतें याची विचारपूस क्वचितच होते. आज अशाच एका उपेक्षित कुळाचा इतिहास सांगावयाचा आहे.

1929 सालीं बैनी प्रसाद व पी. आर. आवटी या दोन प्राणिशास्त्रज्ञांनीं मुंबईच्या एका नव्या सागरी किड्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्यांनीं त्याला ‘थॅलॅसेमा’ या वंशांत घातलें आणि जातीच्या नांवांत मुंबई गोंविली. पुढें त्याचा वंश बदलून ‘ऑकेटोस्टोमा’ झाला; मुंबईचें नांव मात्र टिकलें.

या कुळांतील प्राण्याचें धड मऊ पिशवीसारखें, आणि त्यापुढें पन्हळीसारखी एक सोंड. बहुतेकांचें धड गाळांतल्या बिळांत दडलेलें असतें. सोंड तेवढी बाहेर पसरून चिखलावरून फिरते. सोंडेवरील सूक्ष्म लव सतत हालत असते, आणि बुळबुळीत स्रावांत अडकलेले गाळाचे कण तिच्या योगानें तोंडाशीं वाहत येतात. त्यांतील सेंद्रिय अंश पचवून बाकीचा गाळ हे प्राणी टाकून देतात. धडाच्या आकुंचनप्रसरणानें बिळांत पाणी खेळतें, आणि एरवीं जेथें प्राणवायूचा शिरकाव झाला नसता अशा थरांत तो पोंचतो. डार्विननें 1881 सालच्या आपल्या ग्रंथांत गांडुळाच्या ज्या मशागतीचें वर्णन केलें, तिचेंच हें सागरी रूप म्हणावयाचें.

पण यांचें गोत्र कोणतें? गांडुळासारखीं वलयें यांच्या अंगावर नाहींत. 1847 सालीं कात्रफाज या फ्रेंच पंडितानें यांस कृमि व सागरकाकडी यांमधील दुवा समजून ‘सेतु’ या अर्थाचें नांव दिलें. 1940 सालीं न्यूबी यांनीं यांचा स्वतंत्र संघ मानला. अखेर 1997 सालीं मॅकह्यू यांनीं जनुकांची तुलना करून दाखविलें कीं, हे वलयी कृमींचेच वंशज आहेत. पूर्वजांचीं वलयें यांनीं कालांतरानें टाकून दिलीं. जें आज दिसत नाहीं तें पूर्वींही नव्हतें, या समजुतीनें दीर्घकाळ घोटाळा झाला होता.

तशीच समजूत चिखलाविषयींही आहे. वर कांहीं दिसत नाहीं, म्हणून आंत कांहीं नाहीं, असें आपण धरून चालतों. आवटी व प्रसाद यांचा किडा ज्या दशकांत नांवारूपास आला, त्याच दशकांत बॅकबेचा समुद्र भरून काढण्याचें काम चाललें होतें. शहराला तेथें हवी होती मोकळी जमीन. ‘येथें आधीं कोण राहतें?’ हा प्रश्न दोघा शास्त्रज्ञांनीं विचारला. यापुढें कोणतीही खाडी बुजवितांना तोच प्रश्न आधीं विचारला जावा, एवढीच विनंती आहे.