धावपट्टी एक, उंची अनेक

१/ २५ सप्टेंबर १९७८, सकाळी नऊची वेळ. अमेरिकेतील सॅन डिएगो शहरावर आकाश निरभ्र होते. लिंडबर्ग विमानतळाकडे उतरत येणारे पीएसए कंपनीचे बोइंग ७२७ पुढच्या एका छोट्या सेसना १७२ वर मागून आणि वरून आदळले. दोन्ही विमानांतील १३७ आणि जमिनीवरील ७, असे १४४ जीव गेले.

२/ बोइंगच्या वैमानिकांना त्या छोट्या विमानाची सूचना आधीच मिळाली होती. ते दिसल्याचेही त्यांनी कळवले होते. पुढे ते नजरेआड झाले आणि टक्कर झाली. एकाच विमानतळाभोवती वेगवान आणि संथ विमानांनी एकमेकांना कसे टाळावे, हा प्रश्न तेव्हाही जुनाच होता. या प्रश्नाच्या एका उत्तराचा, म्हणजे ‘उंची वाटून देण्याचा’, हा इतिहास.

३/ आरंभीचा विमानतळ म्हणजे गवताळ मैदान. वाऱ्याकडे तोंड करायचे आणि उतरायचे, एवढाच नियम. १९२९ च्या सुमारास सेंट लुइसच्या मैदानावर आर्ची लीग हा माणूस हातगाडीवर खुर्ची, मोठी छत्री आणि झेंडे घेऊन येई व झेंडा दाखवून विमानांना ‘या’ किंवा ‘थांबा’ असे सांगे. विमाने थोडी होती, त्यांच्या वेगांतही फारसा फरक नव्हता. झेंडा पुरत असे.

४/ गर्दी वाढली तशी शिस्त आली. उतरण्यापूर्वी धावपट्टीभोवती ठरावीक आयताकृती फेरा घ्यायचा. यालाच ‘ट्रॅफिक पॅटर्न’ म्हणतात. वळणे सहसा डावीकडे, उंची ठरलेली. हेतू एकच : दुसरे विमान कुठे शोधायचे, हे प्रत्येकाला ठाऊक असावे.

५/ मग जेट विमाने आली आणि या आयतात अडचण झाली. विमान तितकेच कलते ठेवून वेग दुप्पट केला, तर वळणाची त्रिज्या चौपट होते. जे वळण संथ विमान तीनशे मीटरच्या त्रिज्येत घेते, त्यासाठी दुप्पट वेगाच्या विमानाला बाराशे मीटर लागतात. साहजिकच जेटचा फेरा मोठा झाला, आणि तो वरच्या थरात नेणे सोयीचे ठरले.

६/ मात्र प्रत्येक विमानतळाची रीत निराळी होती. प्रोपेलरची विमाने कुठे ६०० फुटांवर फिरत, तर कुठे १,५०० फुटांवर. लष्करी जेटचा फेरा काही ठिकाणी २,५०० फुटांपर्यंत जाई. परक्या गावी उतरणाऱ्या वैमानिकाचा गोंधळ उडणे स्वाभाविकच होते.

७/ १९९३ मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने, म्हणजे एफएएने, नियंत्रण मनोरा नसलेल्या विमानतळांसाठी शिफारस केली. सर्वसाधारण विमानांसाठी जमिनीपासून १,००० फूट. मोठ्या आणि टर्बाइन इंजिनाच्या विमानांसाठी १,५०० फूट, किंवा स्थानिक उंचीहून ५०० फूट वर. अतिहलक्या विमानांनी ५०० फूट खाली राहावे. स्थानिक अपवादांना मुभा राहिलीच.

८/ आणखी एक खाच. हे आकडे जमिनीपासूनचे, पण अमेरिकेत उंचीमापक समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवतो. कोलोरॅडोतील लेडव्हिलचा विमानतळच ९,९३४ फुटांवर आहे. तिथे हजार फुटांचा फेरा म्हणजे काट्यावर सुमारे १०,९०० फूट! ब्रिटनमध्ये मात्र धावपट्टीवर शून्य दाखवेल असा उंचीमापक लावण्याची पद्धत रुळली. फेरा तसाच, पण काट्यावरचे आकडे वेगळे.

९/ थर वाटून दिले, म्हणून धोका संपतो का? नाही. अखेर प्रत्येक विमानाला त्याच धावपट्टीवर यायचे असते आणि शेवटच्या टप्प्यात सगळे थर एका रेषेत मिसळतात. शिवाय वरच्या वैमानिकाला खालचे विमान आपल्याच नाकामुळे किंवा पंखामुळे दिसत नाही. खालच्याला वरचे आपल्या छतामुळे दिसत नाही. मोठ्या विमानामागचे हवेचे भोवरेही हळूहळू खाली उतरतात.

१०/ १८ ऑगस्ट २०२२ रोजी कॅलिफोर्नियातील वॉटसनव्हिल येथे हेच घडले. तेथे नियंत्रण मनोरा नव्हता. छोटे सेसना १५२ फेऱ्यात होते, तर दोन इंजिनांचे सेसना ३४० सरळ रेषेत वेगाने उतरायला येत होते. धावपट्टीच्या तोंडाशी टक्कर होऊन तिघे मृत्युमुखी पडले. दोन्ही विमाने प्रोपेलरची, म्हणजे नियमाच्या लेखी एकाच थरातली. फरक होता तो वेगाचा.

११/ उंचीचा नियम इंजिनाचा प्रकार पाहून थर ठरवतो, पण टक्कर वेगातील तफावतीमुळे आणि न दिसल्यामुळे होते. म्हणून या आकड्यांना कवच समजू नये. त्यांचे काम दुसरे विमान कुठे शोधायचे, हे सांगण्यापुरते आहे. शोधायचे काम वैमानिकाच्या डोळ्यांचेच.